एक कॅन, चार पेले : मदतीसाठी बनवलेली हॉपी बियर पहिल्यांदा चाखताना

गेल्या जानेवारीत भाचा अमेरिकेहून आला. बॅगेतून त्याने टॉवेलात गुंडाळलेला ४७३ मिलिलिटरचा एक कॅन काढला आणि म्हणाला, "मामा, ही बियर एका आगीत घरं गेलेल्या लोकांसाठी बनवलीय. जरा नीट बसून पिऊ." छत्रपती संभाजीनगरात, गारखेड्यातल्या आमच्या गच्चीवर त्या संध्याकाळी एका कॅनला चार माणसं बसली. त्यातल्या दोघांनी हॉपी बियर, म्हणजे हॉप्स नावाच्या वेलीची फुलं जास्त घालून केलेली कडू, सुगंधी बियर, आयुष्यात चाखली नव्हती. त्यांना जे सांगावं लागलं, तेच इथे क्रमाने लिहितो आहे. आपल्याकडे वाळूजला बियरचे मोठे कारखाने आहेत, बियर या शहराला नवी नाही. पण आपण तिच्याकडे गार आणि भरपूर, एवढ्याच दोन गोष्टी मागत आलो. हॉपी बियर वेगळं मागते. ती थोडी प्यायची असते आणि लक्ष देऊन प्यायची असते.

सुरुवातीला एक गोष्ट सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मदतीसाठी बनवलेली बियर चाखताना चव आणि दान या दोन्ही गोष्टी तपासायच्या, पण वेगवेगळ्या. पैसे चांगल्या कामाला गेले म्हणून बियर चांगली होत नाही. आणि बियर आवडली नाही म्हणून ते काम छोटं होत नाही.

आधी लेबल वाचा, दोन्ही बाजूंनी

ही प्रथा कशी चालते ते समजून घ्यायला एक उदाहरण पुरेसं आहे. ८ नोव्हेंबर २०१८ ला कॅलिफोर्नियातल्या ब्यूट काउंटीत 'कॅम्प फायर' नावाने ओळखला जाणारा वणवा लागला. पॅराडाइज हे गाव जवळजवळ पूर्ण जळालं, ८५ माणसं गेली. शेजारच्या चिको गावात सिएरा नेवाडा ही जुनी ब्रुअरी आहे. तिच्या कामगारांचीही घरं त्यात गेली. ब्रुअरीने 'रेझिलियन्स' नावाची एक आयपीए ('इंडिया पेल एल', हॉपी बियरचा एक प्रकार) बनवायचं ठरवलं, तिची कृती सगळ्यांना खुली केली आणि इतर ब्रुअऱ्यांना सांगितलं की तुम्हीही हीच बियर बनवा आणि विक्रीचे सगळे पैसे आगग्रस्तांना द्या. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि हॉप्स पुरवणाऱ्यांनी माल फुकट दिला. १४००हून जास्त ब्रुअऱ्यांनी ती बियर बनवली. कृती साधी होती आणि त्यातले हॉप्स कॅस्केड आणि सेंटेनियल, म्हणजे कुठल्याही ब्रुअरीला सहज मिळतील असे.

इथे 'विक्रीचे सगळे पैसे' हे शब्द महत्त्वाचे आहेत. लेबलवर 'विक्रीतून' लिहिलंय, 'नफ्यातून' लिहिलंय की 'एका कॅनमागे इतके रुपये' लिहिलंय, ते पाहा. तिन्हींचा अर्थ फार वेगळा आहे. नफ्यातला वाटा म्हणजे नफा झाला तरच मदत. आपल्याकडे बियरच्या किमतीत उत्पादन शुल्क आणि विक्रीकर यांचाच मोठा हिस्सा असतो, त्यामुळे ठरावीक रक्कम सांगणारी ब्रुअरी मला जास्त सरळ वाटते. संस्थेचं नाव पूर्ण लिहिलेलं असावं. महाराष्ट्रातली संस्था असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. चांगली संस्था तो आनंदाने देते. 'मदतीसाठी' एवढाच मोघम शब्द असेल आणि कोणाला, किती, कधी हे कुठेच नसेल, तर ती बियर फक्त बियर म्हणून घ्या.

लेबलवरच्या आणखी तीन गोष्टी बघायच्या. पहिली म्हणजे मद्याचं प्रमाण. अमेरिकी पद्धतीची आयपीए साधारण साडेपाच ते साडेसात टक्क्यांची असते. दुसरी आयबीयू, म्हणजे कडूपणाचं माप. हॉप्समधलं कडू द्रव्य लिटरमागे किती मिलिग्रॅम उतरलं, त्यावरून हा आकडा ठरतो. आपल्या रोजच्या गार, हलक्या 'लागर' बियरमध्ये तो फार तर पंधरा-वीसच्या घरात असतो, आयपीएत चाळीस ते सत्तर. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: भरल्याची तारीख. हॉप्सचा सुगंध टिकत नाही. दोन-तीन महिन्यांच्या आत प्यायलेली हॉपी बियर आणि वर्षभर पडून राहिलेली हॉपी बियर यांत उकळत्या वरणाचा आणि फ्रिजमधल्या शिळ्या वरणाचा फरक असतो.

परवान्याचंही सांगतो, कारण नवख्याला कोणी सांगत नाही. महाराष्ट्रात मद्य प्यायला आणि जवळ बाळगायला परवाना लागतो. एका दिवसाचा, वर्षाचा आणि आजीवन असे प्रकार आहेत. बियरसाठी वय २१ पूर्ण हवं. घरी बियर बनवणं मात्र परवान्याशिवाय करता येत नाही, तेव्हा इंटरनेटवरच्या कृती बघून टाकीत माल्ट भिजत घालू नका.

उन्हापासून वाचवा

ही पायरी मराठवाड्यात सगळ्यात जास्त चुकते आणि मी ती चुकलेली आहे. काही वर्षांपूर्वी पुण्याहून येताना अशाच एका मदतीच्या बियरच्या चार बाटल्या घेतल्या. मे महिना होता. घरी पोचलो आणि सामान उतरवताना त्या डिकीतच राहिल्या. तीन दिवस. चौथ्या दिवशी आठवण झाली तेव्हा बाटली हाताला चटका देत होती. गार करून उघडली. वास आला तो पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्याचा. संत्रं नाही, आंबा नाही, काही नाही. मागे चिकट गोडवा तेवढा उरला होता. कोणीतरी कष्टाने बनवलेली, कोणासाठी तरी बनवलेली वस्तू माझ्या हलगर्जीपणाने वाया गेली, याचं वाईट मला अजून वाटतं.

कारण समजून घ्या म्हणजे लक्षात राहील. बाटलीत थोडा तरी ऑक्सिजन राहतोच. उष्णता वाढली की तो हॉप्सच्या तेलांना आणि माल्टला झपाट्याने खातो. ओला पुठ्ठा ही त्याचीच खूण. उजेडाचं प्रकरण वेगळं. ऊन हॉप्सच्या कडू द्रव्याला फोडतं आणि त्यातून एक गंधकी, जळक्या रबराकडे झुकणारा उग्र वास तयार होतो. हिरव्या आणि पांढऱ्या बाटलीत हे काही मिनिटांच्या उन्हातही होऊ शकतं. तपकिरी बाटली बरीच वाचवते, कॅन पूर्ण वाचवतो. तेव्हा प्रवासात बर्फाच्या डब्यात, घरी फ्रिजमध्ये, आणि गच्चीवर बसायचं असेल तर सूर्य मावळल्यावर.

पेला, आणि त्याची परीक्षा

स्टीलचा पेला नको. रंग दिसत नाही आणि फेस कसा बसतो ते कळत नाही. काचेचा, पोटाशी रुंद आणि तोंडाशी थोडा आवळलेला पेला असेल तर वास आत साठतो. वाइनचा पेला सगळ्यात सोयीचा. तो नसेल तर काचेचा कुठलाही साधा ग्लास घ्या, पण अर्ध्याहून कमी भरा.

पेला स्वच्छ आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. भांड्यांच्या साबणाचा किंवा तेलाचा बारीक थर राहिला की फेस लगेच बसतो. परीक्षा सोपी आहे. पेल्यात पाणी फिरवून ओतून द्या. पाणी काचेवरून सलग पडद्यासारखं उतरलं तर पेला साफ. जागोजागी थेंब अडून राहिले तर अजून तेलकट आहे. खायच्या सोड्याने घासा, भरपूर पाण्याने खळबळा आणि फडक्याने पुसू नका, तसाच पालथा घाला.

पेल्यात बर्फ घालू नका. फार गार बियरचा वास येत नाही, कारण सुगंधी द्रव्यं वर उठतच नाहीत. हॉपी बियर सात ते दहा अंशांना बोलती होते. जानेवारीत फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मे महिन्यात लगेच ओता, गच्ची तिला तेवढ्या वेळात गरम करून टाकते.

पेला तिरका धरून अर्धी बियर काठावरून सोडा, मग सरळ करून उरलेली मधोमध ओता. दोन बोटं फेस यायला हवा. फेस वाया गेलेली बियर नाही. हॉप्सचं कडू द्रव्यच फेसाला धरून ठेवतं आणि वास याच फेसातून वर येतो. घोटागणिक काचेवर जाळीसारखी रेघ राहिली तर समजा, पेला साफ होता आणि बियरही नीट होती.

रंग बघा, पण त्यावर फार वेळ घालवू नका. गढूळ दिसली म्हणून घाबरू नका. काही आयपीए मुद्दाम उसाच्या रसासारख्या धूसर ठेवतात.

वास: इथेच खरा वेळ द्या

आमच्या गच्चीवर शेजारचे काका पेला हातात येताच घोट घेणार होते. भाचा पेल्यात नाक घालून बसला होता. काका म्हणाले, "अरे, नुसतं हुंगायलास काय, पी की!" मी त्यांना थांबवलं. हॉपी बियरमध्ये नव्वद टक्के गंमत नाकात असते असं मी म्हणेन, आणि ती पहिल्या दोन-तीन मिनिटांत सगळ्यात जास्त असते.

आधी भोवतालचे वास बंद करा. संध्याकाळची उदबत्ती, डासांची कॉइल, अंगावरचं अत्तर, स्वयंपाकघरातून येणारी लसणाची फोडणी. आम्ही तर त्या दिवशी जिन्याचं दार लावून घेतलं. मग पेला हळू गोल फिरवा आणि लांब श्वास न ओढता छोटे छोटे दोन-तीन हुंगे घ्या. नाक थकलं तर स्वतःच्या कोपराचा आतला भाग हुंगा. आपल्याच अंगाच्या वासाने नाक पुन्हा ताजं होतं. बियर चाखणारे मुरलेले लोकही हेच करतात.

आता हॉप्स म्हणजे काय ते सांगतो. ही एक वेल आहे. तिला हिरव्या, कागदी पाकळ्यांची शंकूसारखी फुलं येतात आणि पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी चिकट पूड असते. कडूपणा आणि सुगंध, दोन्ही त्या पुडीत. या वेलीला लांब दिवसांचा उन्हाळा आणि कडक थंडी लागते, म्हणून ती आपल्या जमिनीत येत नाही. भारतात हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात तिची लागवड झालेली आहे. कारखान्यात काम केलेल्या एका मित्राने मला एकदा हॉप्सच्या मूठभर गोळ्या दाखवल्या होत्या. फुलं दळून, दाबून केलेल्या. अगदी म्हशीच्या पेंडीच्या कांड्यांसारख्या, फक्त हिरव्या. एक कांडी तळहातावर घेऊन चुरडली. हात हिरवा-पिवळा आणि चिकट झाला. आधी ओल्या गवताचा वास आला, मग संत्र्याच्या सालीचा. दोनदा साबणाने हात धुतला तरी रात्री जेवताना तो वास बोटांना होताच.

ही पूड वेगवेगळ्या वेळी घातली की वेगवेगळं काम करते. उकळीच्या सुरुवातीला घातली तर तासाभराच्या उकळीत तिच्यातलं आम्ल रूप बदलतं आणि कडूपणा उतरतो, सुगंध मात्र वाफेबरोबर उडून जातो. शेवटी घातली तर सुगंध राहतो. बियर आंबून झाल्यावर थंड बियरमध्येच हॉप्स भिजत घातले तर सुगंध सगळ्यात जास्त आणि उकळीचा कडूपणा जवळजवळ नाही. याला ड्राय हॉपिंग म्हणतात. आपण आमटीत कढीपत्ता फोडणीत घालतो आणि कोथिंबीर गॅस बंद केल्यावर, तसंच हे.

नवख्याची खरी अडचण ही की वास येतो पण नाव सापडत नाही. पुस्तकं 'ग्रेपफ्रूट', 'पॅशनफ्रूट' सांगतात, ती फळं आपण खाल्लेलीच नसतात. म्हणून बियर उघडण्याआधी एका ताटात आपल्या ओळखीचे वास मांडा. आमच्या ताटात हे होतं: जालन्याची मोसंबी, पिकलेला पेरू, गवती चहाच्या दोन पाती, भरड कुटलेले धने, चार मिरे, गुळाचा खडा आणि ज्वारीच्या भाकरीचा भाजलेला पापुद्रा. उन्हाळ्यात केला असता तर केसर आंबा ठेवला असता.

हे ताट म्हणजे नुसती उपमा नाही. हॉप्सच्या तेलात मायर्सीन नावाचं द्रव्य असतं, तेच आंब्यात आणि गवती चहात असतं. धन्यांना धन्यांचा वास देणारं लिनॅलूल हॉप्सात आहे. मिरे आणि लवंगेतलं कॅरिओफिलीन हॉप्सात आहे. तेव्हा बियरमध्ये धने सापडले तर ती कल्पना नव्हे, नाक बरोबर सांगतंय. मोसंबीच्या सालीला चिमटा घेतला की जो बारीक फवारा उडतो, तो हुंगा आणि लगेच पेला हुंगा. कॅस्केडची ओळख तिथेच होते. हा हॉप अमेरिकेत १९७२ साली बाजारात आला आणि आज जगभर ज्याला आयपीएचा वास म्हणतात, त्याची सुरुवात बऱ्याच अंशी याच्यापासून झाली.

कधी राळेसारखा, चीडाच्या लाकडाचा वास येतो. डोंगरात गेला नसाल तर वाळूजच्या एखाद्या कंपनीबाहेर मशिनरीची पाइनची खोकी फोडताना उभे राहा. ताज्या चिरल्या फळीचा तो वास.

आमच्या घरी एक गोष्ट घडली ती मला फार मोलाची वाटते. बायको पीत नाही. ताट मांडायला ती आली होती, भाच्याने पेला तिच्यापुढे धरला, "मामी, नुसता वास सांगा." तिने एकदाच हुंगलं आणि म्हणाली, "धन्याचा वास यायलाय की. आन् मागून पेरू." आम्ही तिघं दहा मिनिटं 'काहीतरी फळासारखं' एवढंच म्हणत बसलो होतो. रोज मसाले भाजणाऱ्या नाकाला ते लगेच कळलं. चौथा पेला तिचा, वास घेण्यापुरता. तेव्हा घरात न पिणारं कोणी असेल तर त्यांना घोटाचा आग्रह कधीही करू नका, पण वासासाठी जरूर बोलवा.

पहिला घोट सोडून द्या

पहिल्या घोटावर मत बनवू नका. तो तोंड धुवायचा घोट. जीभ आधीच्या चहाची, पानाची, जेवणाची चव घेऊन बसलेली असते आणि कडूपणाचा तिला धक्का बसतो. कडू म्हणजे विष, असं शरीराला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे, म्हणून लहान मूल कारलं थुंकतं. ही नावड खोटी नाही, पण ती बदलते. काका पहिल्या घोटाला म्हणाले, "हे तर कडूजहर हाय!" चुकीचं काही बोलले नाहीत.

एक मिनिट थांबा. दुसरा घोट छोटा घ्या, तोंडभर फिरवा. जिभेच्या मागच्याच भागाला कडू कळतं असं आपण शाळेत शिकलो, ते खरं नाही. सगळ्या जिभेला कळतं. तिसरा घोट गिळा आणि तोंड मिटून नाकाने हळू श्वास बाहेर सोडा. घशामागून वास पुन्हा नाकात चढतो, आणि पेल्यात न सापडलेली गोष्ट बहुधा इथे सापडते. आमच्याकडे गूळ इथे सापडला, किंचित काकवीकडे जाणारा. तो हॉप्सचा नाही, भाजलेल्या माल्टचा. कडूपणाला टेकायला ही गोडी लागते.

आता कडूपणाकडे नीट बघा, कारण हॉपी बियरचा कस तिथेच लागतो. गुढीपाडव्याला आपण कडुनिंबाची कोवळी पानं गूळ, ओवा, मिरे घालून खातो. तो कडूपणा आठवा: उशिरा येतो आणि घशाला बराच वेळ चिकटून राहतो. मेथीचा आठवा: येतो, पण भाजीबरोबर निघून जातो. चांगल्या आयपीएचा कडूपणा चढतो, एका जागी पोचतो आणि मग स्वच्छ उतरतो. उतरल्यावर तोंडाला पुन्हा घोट हवासा वाटतो. तो खरवडत राहिला, जिभेवर औषधाच्या गोळीसारखा बसला, तर काहीतरी चुकलंय. आणि तुरटपणाला कडूपणा समजू नका. तोंड आकसलं, दातांवर कोरडा थर आला, कच्च्या केळ्याने किंवा जांभळाने येतो तसा, तर ती तुरट चव. थोडी चालते, फार नको.

खात्री करायला एक प्रयोग करा. जिभेवर मिठाचा एक कण ठेवा आणि घोट घ्या. कडूपणा मऊ झालेला जाणवेल, फळं पुढे येतील. मीठ कडू चवीला दाबतं. खारे शेंगदाणे बियरबरोबर जगभर का खातात, त्याचं हे एक कारण.

तोंडाला दुसरे काही वास लागले तर त्यांचीही नावं घ्या. उकडलेल्या मक्याचा, किंवा लोण्याचा ठळक वास आयपीएत नको, तो बनवण्यातला दोष आहे. ओला पुठ्ठा असेल तर दोष वाहतुकीचा किंवा साठवणीचा, बहुधा आपलाच.

सोबत काय खावं

जानेवारीत बसलात तर हुरडा. याला माझ्या मते तोड नाही. आरावर भाजलेल्या कोवळ्या ज्वारीची गोडी आणि धुराचा वास, त्यावर आयपीएचा कडू घोट. हुरडा नसेल तर भाजलेल्या शेंगा, धपाटे आणि दही. ठेचा आणि तिखट शेंगदाण्याची चटणी मात्र चाखताना बाजूला ठेवा. मद्य आणि बुडबुडे दोन्ही तिखटाची आग वाढवतात आणि हॉप्सचा सुगंध त्यात हरवतो. चाखणं संपल्यावर खलिया (आपल्याकडचा मटणाचा रस्सा), ठेचा, काय हवं ते. दोन घोटांच्या मध्ये साधं पाणी आणि भाकरीचा तुकडा.

किती प्यायची

हिशेब मांडतो. ४७३ मिलिलिटरच्या साडेसहा टक्क्यांच्या कॅनमध्ये सुमारे २४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगात साधारण २०. म्हणजे 'बियरच आहे' म्हणून एक कॅन एकट्याने संपवला तर मोठ्या पेगाहून जास्त झालं. चाखायला माणशी शंभर-सव्वाशे मिलिलिटर पुरतात. चार पेले मांडायचं कारण हेच. नंतर गाडी चालवायची नाही, 'थोडीच घेतली' हे कारण चालत नाही. औषधं चालू असतील, यकृताचा त्रास असेल, पोटात बाळ असेल, किंवा कष्टाने दारू सोडलेली असेल, तर एकही घोट नको.

मदतीची बियर असली की एक घातक वाक्य ऐकू येतं: "आणखी एक घेऊ, चांगल्या कामाला जातंय." हे वाक्य आलं की तिथेच थांबा. जास्त द्यायचं असेल तर संस्थेच्या खात्यावर थेट पाठवा. ते पूर्ण पोचतं. आपल्या भागात दारूने उद्ध्वस्त झालेली घरं प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. एखाद्या संस्थेने दारूचा पैसा नको म्हटलं तर तिचा मान ठेवा, वाद घालू नका.

आणि पाणी. हे मला सोडून देता येत नाही. चांगल्या कारखान्यातही एक लिटर बियरमागे तीन-चार लिटर पाणी लागतं. आपल्याकडच्या उद्योगांना ते जायकवाडीतून येतं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, आणि त्याच उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करायला लावली. उद्या मराठवाड्यात कोणी मदतीची बियर काढली, तर तिचे पैसे विहिरीच्या, तळ्याच्या, गाळ काढायच्या कामाला जावेत असं मला मनापासून वाटतं. आणि ती बनवायला किती पाणी लागलं, तो आकडाही लेबलवर असावा.

शेवटी लिहून ठेवा

पेल्यात दोन घोट उरले असताना पाच मिनिटं थांबा. बियर थोडी कोमट होते आणि लपलेलं बाहेर येतं, चांगलंही आणि दोषही. मग वही घ्या. 'मस्त', 'भारी' लिहू नका. तारीख, भरल्याची तारीख, कुठे ठेवली होती, काय वास आला, कडूपणा किती वेळ टिकला, पुन्हा घ्याल का. ब्रुअरीला कळवता येत असेल तर कळवा, दोष असेल तरी सौम्य शब्दांत खरं लिहा. ज्यांनी फुकट माल आणि मेहनत दिली, त्यांना पुढची खेप सुधारायला तेच उपयोगी पडतं.

आमच्या वहीतलं त्या रात्रीचं पान भाच्याच्या अक्षरात आहे. "मोसंबीची साल, धने (मामीने ओळखले), मागून पेरू, शेवटी काकवी. कडूपणा मेथीहून जास्त, कडुनिंबाहून खूप कमी. गार असताना थोडी तुरट, कोमट झाल्यावर बरी. काकांना पहिला घोट आवडला नाही, चौथ्याला पेला पुढे केला, पण कॅन संपला होता."

खाली त्याने संस्थेचं नाव आणि त्याच रात्री पाठवलेली रक्कम लिहिली आहे. काकांचेही शंभर रुपये त्यात आहेत.